खाद्यातले प्रतिजैविक बंद करताना: कोंबड्यांसाठी नैसर्गिक पूरक घटक निवडण्याची आणि वापरण्याची पद्धत

खाद्यातून प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) पुडी काढायची आणि तिच्या जागी हळद किंवा लसूण घालायचा, असा सरळ बदल करणारे बहुतेक जण एक-दोन बॅचमध्येच पुन्हा जुन्या पुडीकडे वळतात. दोष हळदीचा नसतो. रोज थोडेथोडे पोटात जाणारे प्रतिजैविक शेडमधल्या कितीतरी उणिवा झाकून ठेवत असते: ओले तूस, पाण्याच्या पाइपातला बुळबुळीत थर, नीट न शिजलेली सोयाबीन पेंड, दाटीवाटी. पुडी बंद झाली की या सगळ्या उणिवा एकाच वेळी उघड्या पडतात आणि खापर फुटते ते नव्या पूरकावर. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे. पूरक घटकांची पाळी मध्यावर येते, त्याआधी बरेच काम आहे.

प्रतिजैविक नेमके काय करत होते

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉबर्ट स्टॉकस्टॅड आणि थॉमस ज्यूक्स हे संशोधक पिल्लांच्या खाद्यात जीवनसत्त्व बी-१२ चा स्रोत शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन बनवताना उरलेला चोथा खाल्लेली पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. तिथून वाढीसाठी कमी मात्रेत प्रतिजैविक देण्याची पद्धत जगभर पसरली. स्वीडनने ती १९८६ मध्ये बंद केली, संपूर्ण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला दाद न देणारे एक जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते असे दाखवून दिले आणि वाद जवळपास मिटला, कारण माणसांच्या उपचारात कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध आहे.

पक्ष्याच्या आतड्यात ही औषधे तीन गोष्टी साधत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्ससारख्या जंतूंची संख्या मर्यादेत राही, आतड्याची कायमची धुमसती सूज कमी होई आणि अन्नातला जो वाटा जंतू खाऊन टाकतात तो पक्ष्याला मिळे. ही तिन्ही कामे एकट्याने करणारा नैसर्गिक पदार्थ आजवर सापडलेला नाही. आम्ले एक काम करतात, जिवाणू दुसरे, वनस्पतींचे अर्क तिसरे. ‘एकच पुडी, सगळे फायदे’ असे कोणी विकत असेल तर त्याला मिश्रणात काय काय आहे आणि किती आहे ते लेखी विचारा.

पहिली पायरी: आत्ता खाद्यात काय जाते ते शोधा

अनेकांना आपल्या खाद्यात प्रतिजैविक आहे हेच माहीत नसते, कारण ते प्रीमिक्समधून (खाद्यात मिसळायच्या तयार मिश्रणातून) येते. प्रत्येक पिशवीचे लेबल वाचा. बॅसिट्रॅसिन, एनरामायसिन, टायलोसिन, लिंकोमायसिन, व्हर्जिनियामायसिन, अॅव्हिलामायसिन, क्लोरटेट्रासायक्लिन, कोलिस्टिन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते लिहून ठेवा. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मॅड्युरामायसिन ही नावे वेगळ्या यादीत टाका. ती रक्ती हगवणीविरुद्धची औषधे आहेत आणि त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे करायचा आहे. दोन्ही याद्यांवर एकाच दिवशी काट मारणे हा नुकसानीचा हमखास रस्ता.

त्याच वेळी मागच्या चार-पाच बॅचची नोंद एका कागदावर काढा: मरतुक, विक्रीचे वय, सरासरी वजन, एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागलेले किलो खाद्य), पहिल्या आठवड्याअखेरचे वजन. नोंदच नसेल तर प्रतिजैविक चालू असतानाच निदान एक बॅच व्यवस्थित नोंदवा. तुलनेला आधार नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे ठरते.

पाणी

ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेला) पक्षी साधारण हवामानात खाद्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. खाद्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे आणि पाण्याच्या टाकीत वर्षानुवर्षे डोकावायचेही नाही, हे मला कधी कळले नाही.

निपल लाइनचे (पक्षी चोचीने पाणी पितात त्या पाइपाचे) शेवटचे टोक उघडा आणि आत बोट फिरवा. बोटाला बुळबुळीत लागले तर तिथे जंतूंचा थर जमला आहे. गूळपाणी, जीवनसत्त्वे, वनस्पतींचे काढे पाण्यातून दिल्यावर हा थर फार वेगाने वाढतो, आणि नैसर्गिक पद्धतीकडे वळणारे लोक नेमके हेच पदार्थ जास्त देतात. शेड रिकामी असताना स्थिर केलेले हायड्रोजन पेरॉक्साइड लेबलवरच्या मात्रेने लाइनमध्ये भरून काही तास ठेवा, मग जोरदार दाबाने लाइन धुऊन काढा. पक्षी आत असताना हे करायचे नाही.

बॅच चालू असताना शेवटच्या निपलजवळ मुक्त क्लोरीन २ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) मिळाले पाहिजे. टाकीजवळ मोजून उपयोग नाही. पाण्याचा पीएच ७ च्या वर गेला की क्लोरीनची ताकद झपाट्याने घटते. पीएच पट्ट्या जवळ ठेवा, त्या पुढे आम्ल देतानाही लागतील. एक सक्त सूचना: आम्ल आणि क्लोरीनची मूळ द्रावणे एकाच भांड्यात कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गादी आणि हवा

गादीतले, म्हणजे जमिनीवर अंथरलेले, मूठभर तूस हातात घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. किंचित बांधला जाऊन लगेच सुटला तर ठीक. अजिबात बांधला गेला नाही तर धूळ उडेल. ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असावा, ३५ टक्क्यांवर गेला की पापुद्रे धरतात. ओल्या तुसात रक्ती हगवणीच्या सूक्ष्म जीवांची अंडी परिपक्व होतात आणि पक्षी तेच तूस टोचून खातात. अशा शेडमध्ये कितीही चांगला अर्क दिला तरी वरून येणारा भार त्याच्या आवाक्याबाहेर जातो.

अमोनियाचा वास माणसाच्या नाकाला साधारण २० पीपीएमच्या आसपास जाणवतो, पण रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचे नाक त्याला सरावते. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. तो आत शिरताच नाक मुरडत असेल तर हवा खेळती करायला हवी, मग बाहेर थंडी असली तरी.

खाद्य: इथे सगळ्यात जास्त कमावता येते

न पचलेले प्रथिन आतड्याच्या शेवटच्या भागात पोचले की ते क्लॉस्ट्रिडियमचे अन्न बनते. त्यातून होणारा आतड्याचा दाह, ज्याला नेक्रोटिक एंटरायटिस म्हणतात, बहुतेकदा दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दिसतो. प्रतिजैविक बंद केल्यावरचा सगळ्यात मोठा धोका हाच.

त्यामुळे पहिले लक्ष सोयाबीन पेंडीवर. कमी शिजलेल्या पेंडीत ट्रिप्सिनला (प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमला) अडवणारे घटक शिल्लक राहतात आणि प्रथिन पचत नाही. जास्त शिजली तर लायसिन हा प्रथिनाचा घटक वाया जातो. युरिएज चाचणीत पीएचची वाढ साधारण ०.०५ ते ०.२ या दरम्यान असलेली पेंड चांगली मानतात. ही चाचणी खाद्य प्रयोगशाळेत सहज होते आणि कुठल्याही महागड्या पूरकापेक्षा स्वस्त पडते. प्रथिनाची टक्केवारी उगाच चढी ठेवू नका. कृत्रिम लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन वापरून एकूण प्रथिन एखाद्या टक्क्याने उतरवले तर विष्ठाही कोरडी होते. मासळीची भुकटी जास्त असेल तर ती कमी करा, नेक्रोटिक एंटरायटिसला ती पूरक ठरते.

गहू किंवा बार्ली जास्त असेल तर आतड्यातला रस चिकट होतो, अन्न रेंगाळते आणि जंतूंचे फावते. झायलानेज आणि बीटा-ग्लुकानेज ही एन्झाइम्स इथे खरोखर काम करतात. मका-सोयाबीन खाद्यात त्यांचा फायदा कमी दिसतो, तिथे फायटेज आणि प्रोटिएज उपयोगी. फायटेजची दर किलोला ५०० युनिट ही नेहमीची मात्रा. ती घातल्यावर डायकॅल्शियम फॉस्फेट कमी करता येते आणि एन्झाइमचा खर्च तिथेच बराच भरून निघतो.

आणखी एक गोष्ट, जी विकत घ्यावी लागत नाही. धान्य फार बारीक दळू नका. भरडे खाद्य आणि २ ते ३ टक्के भरड न पचणारा तंतू, उदाहरणार्थ ओटची टरफले किंवा भाताचे तूस, यामुळे गिझर्ड (अन्न दळणारी स्नायूंची पिशवी) मोठा आणि बळकट होतो. धडधाकट गिझर्डमधला पीएच २.५ ते ३.५ इतका आम्लधर्मी असतो, आणि वरून आलेले बरेच जंतू तिथेच मरतात. आम्लाचे डबे विकत घेण्याआधी पक्ष्याच्या अंगातला हा कारखाना चालू आहे का ते पाहावे. मेलेल्या पक्ष्याचा गिझर्ड कापून पाहा: लहान, सैल आणि पिशवीसारखा असेल तर दळण बारीक आहे.

आता पूरक घटक: गरज ओळखून निवडा

*सेंद्रिय आम्ले.* फॉर्मिक, प्रोपिऑनिक, लॅक्टिक, सायट्रिक, ब्युटिरिक. आम्ल न विलगलेल्या (अखंड रेणूच्या) रूपात असताना जंतूच्या आवरणातून आत शिरते, आत गेल्यावर विलग होते आणि आतला पीएच पाडते. तो सावरण्यात जंतूची शक्ती खर्च होते. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्यावर याचा चांगला परिणाम होतो, लॅक्टोबॅसिलस मात्र आम्ल बऱ्यापैकी सोसतात. अडचण अशी की फॉर्मिक किंवा सायट्रिक आम्लाचे काम अन्नपिशवी आणि गिझर्डपर्यंतच चालते. पुढे पीएच ६ च्या वर जातो आणि न विलगलेले आम्ल जवळजवळ उरत नाही. म्हणून आतड्यासाठी आवरण दिलेले ब्युटिरेट घ्यावे. ते आतड्याच्या पेशींचे आवडते इंधन आहे, रसांकुरांची वाढ सुधारते. वास भयंकर असतो, हे आधीच सांगून ठेवतो. आवरण नसलेले ब्युटिरेट हाताळणारा मजूर दुसऱ्या दिवशी कामावर येईलच असे नाही.

खाद्यातून आम्लांचे मिश्रण सहसा दर टनाला २ ते ५ किलो जाते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात ९-१० टक्के चुनखडी असते आणि चुनखडी आम्ल खाऊन टाकते, त्यामुळे लेअरमध्ये खाद्यापेक्षा पाण्यातून आम्ल देणे शहाणपणाचे.

पाण्यातून देताना मात्रा स्वतःच्या पाण्यावर ठरवा. जड पाण्याला जास्त आम्ल लागते. १० लिटर पाणी बादलीत घ्या, आम्ल १-१ मिली करून घाला, दर वेळी ढवळून पट्टीने पीएच मोजा आणि लिहा. रोजच्या वापरासाठी ५ ते ६ च्या दरम्यान थांबा. ४ च्या खाली गेलात तर पक्षी पाणी कमी पितात आणि पाणी कमी म्हणजे खाद्यही कमी. लोखंडी आणि जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आम्लाने खाल्ले जातात. घरगुती व्हिनेगरही चालते, पण त्यात अॅसिटिक आम्ल जेमतेम ४ ते ६ टक्के असते, मोठ्या टाकीला ते किती लागेल याचा हिशेब बादलीवरच होईल. सतत कमी मात्रेत आम्ल दिल्यास लाइनमध्ये यीस्ट आणि बुरशी वाढू शकते. आठवड्यातून काही दिवस द्या, मध्ये लाइन धुवा.

*उपयुक्त जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक.* या विचाराचा पाया फिनलंडमध्ये घातला गेला. ब्रॉयलरमधल्या साल्मोनेलाच्या साथीनंतर एस्को नुर्मी आणि रँताला यांनी १९७३ मध्ये दाखवले की निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू नवजात पिल्लांना दिले तर साल्मोनेलाला आत जागाच मिळत नाही. हॅचरीतून आलेले पिल्लू आईच्या सहवासात कधीच नसते, त्याच्या आतड्यात जो आधी पोचेल तो ठाण मांडतो. म्हणून प्रोबायोटिकचा सर्वांत जास्त फायदा पहिल्या तीन दिवसांत. पंधराव्या दिवशी आठवण झाली तर निम्मी संधी गेलेली असते.

निवडताना रूप पाहा. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांचे बीजाणू पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) बनवतानाची ८०-८५ अंश सेल्सिअसची उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस सोसत नाहीत. पेलेटमध्ये बॅसिलस, पाण्यातून लॅक्टोबॅसिलस, असा साधा नियम. मात्रा जिवंत पेशींवर मोजतात: खाद्याच्या दर ग्रॅमला १ लाख ते १० लाख. लेबलवर दर ग्रॅमला १ अब्ज पेशी लिहिल्या असतील तर टनाला १०० ग्रॅम घातल्यावर खाद्याच्या दर ग्रॅमला १ लाख मिळतात, १ किलो घातल्यावर १० लाख. लेबलवर पेशींची संख्या, जातीचे नाव आणि वापरण्याची मुदत यांपैकी एकही नसेल तर तो डबा खाली ठेवा.

क्लोरीनच्या पाण्यात प्रोबायोटिक घालणे म्हणजे पैसे गटारात ओतणे. त्या दिवशी क्लोरीन बंद ठेवा, किंवा दर लिटरला २ ते २.५ ग्रॅम स्किम दूध पावडर आधी विरघळवून क्लोरीन निकामी करा. दोन-तीन तासांत संपेल इतकेच द्रावण करा आणि नंतर लाइन धुवा, नाहीतर दुधाचाच थर जमेल. प्रतिजैविकाचा उपचार चालू असताना प्रोबायोटिक देऊन बहुधा काही साधत नाही. उपचार संपल्यावर मात्र जरूर द्या.

*प्रीबायोटिक.* यीस्टच्या पेशीभित्तीतले मॅनन ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या काही जातींना स्वतःकडे चिकटवून घेते, मग ते आतड्याला चिकटण्याऐवजी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. इन्युलिन आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड चांगल्या जंतूंना खुराक पुरवतात. प्रोबायोटिकला जोड म्हणून ठीक, एकटे मात्र फार मोठा फरक दाखवत नाहीत.

*वनस्पती आणि त्यांचे अर्क.* सगळ्यात जास्त आशा इथे, आणि सगळ्यात जास्त गोंधळही. ओव्याच्या फुलांचा, ओरेगॅनोचा किंवा लवंगेचा वास म्हणजे जंतूंच्या आवरणाला भोक पाडणारी रसायने: थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, लसणात अॅलिसिन, कलौंजीत थायमोक्विनोन, हळदीत कर्क्युमिन. प्रश्न हा, की तुमच्या पुडीत ते किती आहे?

हळदीचे गणित करून पाहू. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. टनाला ५ किलो हळद घातली तर १०० ते २५० ग्रॅम कर्क्युमिन जाते, म्हणजे एकाच वजनाच्या दोन पोत्यांत अडीच पटीचा फरक. त्यात जुनी, उन्हात पडलेली, रंग मिसळलेली हळद आली तर विचारूच नका. चमकदार पिवळेपणासाठी काही ठिकाणी शिसेयुक्त रंग मिसळला जातो, म्हणून दळलेली हळद घेण्यापेक्षा कांडी घेऊन दळणे बरे. रक्तात कर्क्युमिन फार कमी शोषले जाते, पण आपल्याला ते आतड्यातच हवे आहे, त्यामुळे ती उणीव इथे तितकी जाचत नाही.

लसूण ठेचल्यावरच अॅलिसिन तयार होते आणि उष्णतेने ते लवकर नाहीसे होते. पेलेटमध्ये घातलेल्या लसूण भुकटीकडून फार अपेक्षा नको. चाचण्यांत टनाला ५ ते १० किलोपर्यंत भुकटी वापरली गेली आहे, लेअरमध्ये मात्रा वाढली तर अंड्याला वास येऊ शकतो. कांदा-लसणाचा अतिरेक पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना मारक ठरतो, तेव्हा ‘नैसर्गिक आहे, कितीही घाला’ हा हिशेब इथे चालत नाही. कडुनिंबाचा पाला कडू असतो आणि जास्त झाला तर खाद्य खाणेच घटते. मिरचीचे उलटे आहे: तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यांची संवेदी यंत्रणा कॅप्सायसिनला प्रतिसाद देत नाही.

सुगंधी तेले वापरायची असतील तर आवरण दिलेली घ्या. उघडे तेल साठवणीत आणि पेलेट करताना उडून जाते, उरलेले आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते. ओरेगॅनो तेलाच्या बहुतेक चाचण्या टनाला १०० ते ३०० ग्रॅम या पट्ट्यातल्या आहेत. शुद्ध तेल हातावर घेऊ नका, त्वचा भाजते, आणि पाण्यात सरळ ओतलेत तर ते वर तरंगेल. एखाद्या पक्ष्याच्या वाट्याला सगळे आणि बाकीच्यांना काहीच नाही.

माझे मत असे: ज्याच्याकडे वजनकाटा, चाळणी आणि एकाच ठिकाणाहून नियमित येणारा वाळलेला माल आहे, त्याने घरच्या भुकटीचा प्रयोग जरूर करावा. बाकीच्यांनी घटकांचे प्रमाण लिहून देणारे तयार उत्पादन घ्यावे. हर्बल पावडरने दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर खूश होण्याऐवजी तिचा नमुना प्रतिजैविकासाठी तपासून घ्या.

रक्ती हगवणीचे काय

रक्ती हगवणीचे एकपेशीय जीव आतड्याच्या पेशी फोडतात, त्यातून झिरपणाऱ्या प्रथिनांवर क्लॉस्ट्रिडियम पोसतात. एक आजार दुसऱ्याला दार उघडून देतो. म्हणून पहिल्या काही बॅचमध्ये वाढीसाठीचे प्रतिजैविक काढा, रक्ती हगवणीचे औषध तसेच ठेवा. घडी बसल्यावर लसीचा विचार करा. जिवंत लस दिली तर ते औषध खाद्यात असता कामा नये, आणि गादीत थोडी ओल लागते, कारण लशीतले जीव विष्ठेतून बाहेर पडून पुन्हा पोटात गेल्यावरच प्रतिकारशक्ती पक्की होते. सॅपोनिन आणि टॅनिन असलेले वनस्पतिजन्य घटक यात हातभार लावतात. लशीची किंवा औषधाची जागा ते एकट्याने घेतील यावर मी विसंबणार नाही.

मिसळण्याची रीत

टनात ५०० ग्रॅम पूरक सरळ ओतले तर ते सारखे पसरत नाही. आधी ५०० ग्रॅम पूरक ५ किलो मक्याच्या पिठात हाताने नीट कालवा. ते मिश्रण ५० किलो खाद्यात घाला, मग ते पोते मिक्सरमधल्या उरलेल्या मालात सोडा. आम्ल आणि प्रोबायोटिक एकाच पूर्वमिश्रणात साठवू नका, आणि खनिज मिश्रणाशेजारी जिवंत जिवाणू महिनाभर ठेवू नका. तेल सगळ्यात शेवटी फवारा, आधी फवारले तर भुकटीचे गोळे होतात.

एका ब्रॉयलर बॅचचा आराखडा

पिल्ले येण्याआधी गादी तापलेली हवी, नुसती हवा नव्हे. तुसाचे तापमान २८ ते ३० अंश, हवेचे ३२ ते ३४. चोवीस तासांनी अन्नपिशव्या चाचपून पाहा, १०० पैकी ९५ पिल्लांच्या भरलेल्या आणि मऊ लागल्या पाहिजेत. पहिले तीन दिवस पाण्यातून प्रोबायोटिक, क्लोरीन बंद. खाद्यात बीजाणूंचे प्रोबायोटिक पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. सातव्या दिवशी वजन करा: आल्या दिवशीच्या वजनाच्या चार ते साडेचार पट असेल तर घोडदौड बरोबर आहे. नसेल तर खोट पिल्लांत किंवा ब्रूडिंगमध्ये (पिल्लांना ऊब देण्यात) आहे, पूरक वाढवून ती भरून निघत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन-चार दिवस पाण्यात आम्ल. पाण्यातून जिवंत लस द्यायची असेल तर आधीच्या दिवसापासून लस संपेपर्यंत आम्ल आणि क्लोरीन दोन्ही बंद. चौदावा ते अठ्ठाविसावा दिवस हा धोक्याचा काळ, तेव्हा वनस्पती अर्क आणि आवरण दिलेले ब्युटिरेट खाद्यात असावे. बजेट कमी असेल तर सगळ्या बॅचभर पातळ मात्रा देण्यापेक्षा या पंधरवड्यात पूर्ण मात्रा द्या. खाद्य बदलताना दोन-तीन दिवस जुने-नवे मिसळून द्या, एकदम बदलले की विष्ठा पातळ होतेच.

रोज सकाळी विष्ठा पाहा. न पचलेले मक्याचे कण, नारिंगी शेंबडासारखा पदार्थ, विष्ठेभोवती पाण्याचे कडे यांपैकी काही दिसू लागले तर मरतुक सुरू होण्याची वाट पाहू नका.

विक्रीआधी खाद्य बंद केल्यावर पक्षी भुकेपोटी तूस टोचतात आणि अन्नपिशवीत साल्मोनेला वाढतो. या ८-१० तासांत पाण्यातून लॅक्टिक आम्ल दिल्याने तो भार कमी होतो. कत्तलखान्याला माल देणाऱ्यांनी हे टाळू नये.

फरक पडला का, ते मोजा

एकाच शेडमध्ये मध्ये जाळी लावून दोन भाग करा, दोन्हीकडे एकाच हॅचरीची, एकाच दिवशीची पिल्ले. एका भागात पूरक, दुसऱ्यात नाही, बाकी सगळे सारखे. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण पंख्याजवळची बाजू नेहमीच वेगळी वागते. दोन-तीन बॅच झाल्याशिवाय निकाल देऊ नका.

कामगिरीचा आकडा असा काढतात: जगलेल्या पक्ष्यांची टक्केवारी गुणिले सरासरी वजन किलोत, त्याला वय गुणिले एफसीआरने भागा आणि १०० ने गुणा. ९५ टक्के पक्षी, २.२ किलो, ३८ दिवस, एफसीआर १.६० असेल तर आकडा ३४४ येतो.

खर्चाचा निवाडा एफसीआरवर होतो. १.६० ला एक टन खाद्यातून ६२५ किलो जिवंत वजन मिळते, १.५७ ला ६३७ किलो. म्हणजे टनामागे १२ किलो जास्त. पूरकाचा टनामागचा खर्च या १२ किलोच्या विक्रीपेक्षा कमी असेल तर ते ठेवा. एका वेळी एकच पूरक तपासा. चार एकदम सुरू केलीत तर काम करणाऱ्या एकाबरोबर बिनकामाच्या तिघांचाही खर्च कायमचा चालू राहतो.

आजार आलाच तर

हे सगळे पूरक निरोगी पक्ष्याला निरोगी ठेवण्यासाठी आहेत. मरतुक चढू लागली, पक्षी पंख पाडून बसले, विष्ठेत रक्त आले तर काढ्यावर दिवस घालवू नका. ताजे मेलेले दोन-तीन पक्षी पशुवैद्यकाकडे न्या, शवविच्छेदन करून घ्या आणि जिवाणूचा आजार असेल तर कोणते औषध लागू पडते याची चाचणी मागा. प्रतिजैविक द्यावे लागले तर पूर्ण मात्रा, पूर्ण दिवस, आणि लेबलवरचा थांबण्याचा काळ संपेपर्यंत त्या पक्ष्यांचे मांस किंवा अंडी विक्रीला नाहीत. औषधाचे नाव, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख बॅचच्या वहीत लिहा. त्या बॅचचा आकडा पूरकाच्या तुलनेतून वगळा. औषध संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन ते पाच दिवस पाण्यातून प्रोबायोटिक द्या, आणि शेड रिकामी झाल्यावर आजार कुठून आला याचा शोध पाण्याच्या लाइनच्या शेवटच्या टोकापासून सुरू करा.